ह्युएचे कारागीर

व्हिएतनाममधील हुओंग नदीच्या तीरावरील ज्या ह्युए नगरीत 1802 पासून 1945 पर्यंत न्गुयेन वंशाचे तख्त होते, तिच्या राजवाड्याच्या न्गो मोन दरवाज्यावरूनच तेरावा आणि अखेरचा सम्राट बाओ दाई याने पदत्याग जाहीर करून राजमुद्रा व खड्ग नव्या अंमलाच्या हवाली केले. त्याच दरवाज्याखालून मी तिकीट दाखवून आत शिरलो. 1947 आणि 1968 च्या लढायांतून बचावलेल्या मोजक्या वास्तू वगळता, जेथे एके काळी अंतःपुरे होती तेथे आता बव्हंशी गवतच माजले आहे, आणि नव्याने उभारलेल्या दालनांची लाल-सोनेरी झळाळी, खरे सांगायचे तर, मला फारशी रुचली नाही.

रेंगाळलो तो थे मिएउ या पूर्वजमंदिरासमोरील नऊ प्रचंड कांस्यकुंडांपाशी. सम्राट मिन्ह मांगच्या हुकुमाने 1835 ते 1837 या काळात ओतलेल्या या कुंडांवर पर्वत, नद्या, तोफा, भात, मोर, इतकेच काय, आपला फणससुद्धा कोरलेला आहे. एखाद्या राज्याचे सारे दप्तरच धातूत उतरविले म्हणा ना! असल्या ओतकामाची परंपरा नदीच्या दक्षिण तीरावरील फुओंग दुक या ओताऱ्यांच्या वस्तीत आजही चालू आहे. उलट सिन्ह गावचे चित्रकार शिंपल्यांची पूड दिलेल्या कागदावर लाकडी ठशांनी जी चित्रे छापतात, ती पूजा आटोपताच अग्नीच्या स्वाधीन करण्यासाठीच असतात. म्हणून ठसे जपायचे आणि चित्रे पुनःपुन्हा छापायची, हाच तेथील रिवाज.

परंतु माझे मन खरे गुंतले ते टोप्या बनविणाऱ्या ताय हो गावात. ओसरीवर बसलेली एक वृद्धा ताडपत्रासारखे पान तापल्या लोखंडावर ठेवून कापडाच्या बोळ्याने असे काही दाबी की, सुरकुतलेले पान क्षणात सपाट होई. मग बांबूच्या कड्यांच्या शंकूवर पानांचा एक थर, त्यावर कागदात कातरलेल्या काव्यपंक्ती, वर दुसरा थर आणि शेवटी बारीक टाके. सावलीत ती टोपी अगदी साधी दिसे; म्हाताऱ्या बाईने ती उन्हाकडे धरताच आतली अक्षरे उमटली.

ह्युएला जाणाऱ्याने राजवाड्यासाठी एक सकाळ पुरेशी मानावी, उरलेले दिवस या गावांना द्यावेत, आणि टोपी घ्यायचीच तर ती शिवणारीच्या ओसरीवर बसून, घासाघीस न करता घ्यावी.