धरणगाव ते बँकॉक : अंतराचा खरा हिशेब

धरणगावच्या व्यापारी घराण्यांना अंतराचा हिशेब नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली, तेव्हा खानदेशी कापड बैलगाड्यांतून सुरतेच्या बंदराकडे जाई आणि प्रवास मुक्कामांत मोजला जाई. सन 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्ग झाला आणि मुक्कामांचे तास झाले.

आता जैन व्यापारी कुटुंबांतील तरुण रत्नांच्या व्यापारासाठी बँकॉकच्या सिलोम-महेसक भागापर्यंत पोहोचले आहेत. मुंबई ते बँकॉक हे हवाई अंतर सुमारे 3,000 किलोमीटर. जाताना साधारण सव्वाचार तास लागतात; परतताना पश्चिमेकडून येणारा वारा समोर असल्याने, विशेषतः हिवाळ्यात, अर्धा तास अधिक लागतो. उलट जळगाव ते मुंबई हे सुमारे 420 किलोमीटरचे अंतर कापण्यास रेल्वेला सात तासांच्या आसपास लागतात.

चौविहार पाळणाऱ्या प्रवाशाने आणखी एक हिशेब ध्यानी घ्यावा. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. पण दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे 28 अंशांचा फरक आहे. एका अंशास चार मिनिटे धरली, तर सूर्य तेथे जवळजवळ 110 मिनिटे आधी मावळतो. दुपारी एकच्या सुमारास मुंबईहून निघालेल्या प्रवाशाचा दिवस आकाशातच आखडतो. म्हणून भोजन निघण्यापूर्वी उरकणे किंवा विमानात लवकर आटोपणे श्रेयस्कर. उंचीमुळे विमानातून सूर्य काही मिनिटे अधिक काळ दिसतो. केवळ खिडकीतील उजेडावर विसंबू नये. पश्चिमेकडे परतताना मात्र दिवस लांबतो.

परंतु ज्या घरी वृद्ध आई-वडील एकटे राहतात, तेथे या आकड्यांचा अर्थ निराळा होतो. “चार तासांत येईन” हे मुलाचे आश्वासन खोटे नसते, अपुरे असते. बँकॉकमधील घर ते विमानतळ, तेथील तीन तास, विमान, मुंबईतील तपासणी आणि स्थानकापर्यंतची वाट, रेल्वे, शेवटी जळगावहून धरणगावपर्यंतचे 30 किलोमीटर! सारे वेळेवर जुळले तरी अठरा-एकोणीस तास होतात; गाडी चुकली तर दिवस उलटतो. रात्री वडिलांच्या छातीत कळ आली, तर त्या तासांत धावून येणारा शेजारीच असतो.

म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलाने पासपोर्टच्या मुदतीबरोबर काही गोष्टी घरीही लावून द्याव्यात : जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक, औषधांची यादी, थोडी रोख रक्कम, आणि मध्यरात्री हाक मारता येईल असे एक घर. वडिलधाऱ्यांनीही “मुलाला उगाच काळजी नको” म्हणून दुखणे लपवू नये. दुखणे एक दिवस उशिरा कळले, तर अठरा तासांत तो दिवसही मिळवावा लागतो.