अल्मोड्याचे जेवण

पिंडारी हिमनदीच्या वाटेवर, फुरकियाच्या डाकबंगल्यात एका शेगडीभोवती ज्यांच्याशी स्नेह जडला, त्या कुमाऊँनी दांपत्याची आज अल्मोड्यास, त्यांच्याच घरी, पुनश्च भेट घडली. कुशलप्रश्न आटोपतात न आटोपतात तोच भाभींनी लोखंडी कढईतल्या तेलात काळे भट, म्हणजे तिकडचे काळे सोयाबीन, टाकले. ते तडतडून उकलले, वर तांदळाच्या पिठाचे पाणी पडले, आणि मंदाग्नीवर ‘चुडकाणी’ नावाच्या त्या कालवणाला लोखंडाच्या सान्निध्याने गर्द काळसर वर्ण चढत गेला. सोबत भात आणि भांगेच्या बियांची, लिंबू पिळलेली चटणी. पक्वान्नांचा घाट न घालता त्यांनी घरचे नित्याचेच अन्न मला हक्काने वाढले, याचा परमसंतोष वाटला. पुढील हेमंतात उभयतांनी कोल्हापुरास यावयाचे, हा करार पानावरच कायम झाला.