गंज

एकतीस वर्षे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. दरवर्षी वर्गापुढे तीन परीक्षानळ्या मांडायच्या, तिन्हींत एकेक लोखंडी खिळा टाकायचा. एकीत साधे पाणी; दुसरीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी आणि वर तेलाचा थर; तिसरीत नुसती कोरडी हवा. चार-सहा दिवसांनी पहिल्याच नळीतला खिळा तांबूस होई, आणि ‘गंज चढण्यास हवा व पाणी ही दोन्ही लागतात’ हे वाक्य चाळीस वह्यांत उतरे. चौथी एक नळी मी पदरची ठेवीत असे. तीत मिठाचे पाणी. तो खिळा बाकीच्यांच्या आधी विटे. पुस्तकात नसलेली ही नळी सर का ठेवतात, असे मला कोणी कधी विचारले नाही. विचारले असते तरी मी खरे सांगितले असते असे नाही.

आमच्या घराच्या बाजूला ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. दादा २००९ साली गेले, तेव्हापासून ती तेथून हलली नव्हती. फियाट ११०० डिलाइट, १९६७ची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली. हिच्या आधीच्या गोलमटोल फियाटला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. आमची त्यानंतरची, जरा सरळ अंगाची. याच अंगाला १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होऊन अजरामर झाली. अजरामर म्हणायचे आपले; ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहून मी उठलो आणि ताडपत्री काढली.

ताडपत्रीखाली मांजरीची तीन पिल्ले होती आणि बाकी सगळा गंज होता.

‘‘भंगारवाल्याला बोलवा,’’ ही म्हणाली. हिचे म्हणणे व्यवहाराचे होते. नव्या गाडीचे हप्ते जेवढे, तेवढा खर्च या सांगाड्याला येणार हे शेजारचा पोरगाही सांगत होता. पण निवृत्त मास्तराला कोणीतरी विद्यार्थी लागतो. मला ही गाडी मिळाली. शिवाय पन्नास वर्षांपुढच्या मोटारींची जुनी म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय २०२१ साली सरकारने केली आहे. अट एवढीच, की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणजे जे आहे तेच वाचवायचे. ही अट मला आवडली.

जुन्या गाडीचा पत्रा तपासण्याची रीत कुंभाराकडे मडके घेण्याच्या रीतीपेक्षा निराळी नाही. बोटाच्या पेराने वाजवीत जायचे. धड पत्रा टणटणतो; जेथे पुटीचा थर आहे तेथे ‘भद्द’ असा आवाज येतो. शंका वाटली तर लोहचुंबक लावावा. पुटीवरून तो निमूटपणे खाली घसरतो. बॉनेट चांगले निघाले. छप्पर चांगले. डिकीच्या तळाशी स्टेपनीच्या जागेत बोट आरपार गेले. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन फाटले होते, त्यामुळे पावसाचे पाणी आत झिरपे. आणि दादांनी हौसेने अंथरलेल्या काथ्याच्या जाड गालिच्याने ते पाणी वर्षानुवर्षे प्रेमाने धरून ठेवले होते. गाडीची शोभा वाढविणाऱ्या बहुतेक वस्तू तिला गंजवितात, असे माझे मत झाले आहे. दारांच्या तळाशी कारखान्याने पाणी निघून जायला बारीक भोके ठेवलेली असतात. तीही एकामागून एक रंगाच्या हातांनी बुजून गेली होती.

रंगाखाली फोड का येतो, हे मी वर्गात सांगत असे, पण हातात खरवडणी धरल्यावर ते पहिल्यांदा कळले. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. तो फुगतो, रंगाला आतून ढकलतो. आपल्याला दिसतो वाटाण्याएवढा फुगवटा, आणि खरवडायला घ्यावे तर तळहाताएवढे भगदाड. वरून पॉलिश पेपर मारून रंग फासला की पुढच्या पावसाळ्यात फोड पुन्हा त्याच जागी हजर. म्हणून चकाकणारे लोखंड लागेपर्यंत मागे जायचे. जेथे खड्ड्यांत गंज चिकटून राहतो तेथे फॉस्फरिक आम्ल लावायचे. त्याने गंजाचे फॉस्फेट होते व ते काळपट पडून बसते. हिरड्यातले टॅनिनही हेच करते, म्हणून एका कोपऱ्यात मी हिरड्याचा काढा लावून पाहिला. घटकाभरात जागा निळसर काळी झाली. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपले पूर्वज करीत, ती हीच! हिला बोलावून दाखविले. ‘‘पोथी लिहिणार आहात का गाडीवर?’’ एवढेच ती म्हणाली. बाकी गाडीला मी आम्लच लावले. परंपरेचा अभिमान असावा, पण चाक पडेपर्यंत असू नये.

आता डाव्या दाराखालच्या पेटीकडे आलेच पाहिजे. मी ती शेवटपर्यंत टाळली होती.

गाडीत पाय टाकताना आपण जिच्यावरून आत जातो, ती ही लांब, पोकळ, पत्र्याची पेटी. या फियाटला ट्रकासारखी वेगळी चासी नाही; सगळा भार अंगावरच. त्यातला मोठा भाग या दोन बाजूंच्या पेट्या वाहतात. ती कापायची तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या ताणून बसवाव्या लागतात. नाहीतर गाडी मधेच किंचित वाकते, आणि नवी पेटी जोडून झाल्यावर दार म्हणून लागत नाही. हे काम, आणि पाऊण-एक मिलिमीटर पत्र्याचे वेल्डिंग, माझ्या आवाक्यातले नव्हते. गॅसच्या मोठ्या ज्योतीने एवढा पातळ पत्रा पापडासारखा वळतो. त्याला सीओटूचे यंत्र हवे, आणि एक टाका इकडे तर दुसरा तिकडे, मधे थंड होऊ देत, अशी सबुरी हवी. नाना पेठेमागच्या एका गल्लीतून मी एक डेंटर बोलावून आणला. पुण्यात डेंटर पुष्कळ आहेत. याच्याकडेच मी का गेलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्याचे वडील मिस्त्री होते. १९८३च्या फेब्रुवारीत आमच्या फियाटला त्यांनीच रंग दिला होता.

तो रंग फार सुंदर होता. फिक्या राखाडी रंगात किंचित निळी झाक. मिस्त्री आमच्याच अंगणात वीस दिवस काम करीत होते. वॉटर पेपर पाण्यात बुडवून तासन् तास घाशीत बसत. दादा हेडक्लार्क. त्यांचा हिशेब ठरलेला : ‘‘मिस्त्री, एक पावसाळा जाऊ द्या. रंग टिकला की उरलेले दीडशे.’’ मिस्त्रींनी मान डोलावली.

मेमध्ये परीक्षा संपल्यावर दादांना ‘‘लोणावळ्याला जाऊन येतो’’ असे सांगून मी तीन मित्रांना घेऊन बोरघाट उतरलो आणि पेणवरून अलिबागला गेलो. नागावच्या किनाऱ्यावर ओहोटीची वाळू सडकेसारखी टणक होती. गाडी पाण्याच्या कडेकडेने नेली. मग थांबलो, हसलो, पोहलो. आणि परत येऊन पाहतो तर मागची चाके रुतलेली आणि भरती चढते आहे. पाणी दाराच्या खालच्या काठाला लागले, मग आत आले. एका वाडीवाल्याने बैलजोडी आणली म्हणून गाडी निघाली. विहिरीच्या पाण्याने आम्ही ती बाहेरून, आतून, चाकांसकट धुतली. पेटीच्या पोकळीत काय गेले असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आले नाही. आले असते तर मी पुढे रसायनशास्त्राचा बरा शिक्षक झालो असतो.

गणपतीच्या सुमारास डाव्या पेटीवर फोड आले. दिवाळीपर्यंत त्यातून तांबडे पाणी गळू लागले. दादांनी मिस्त्रींना बोलावून घेतले. ‘‘गंजावर पुटी फासून गेलात!’’ एवढे एकच वाक्य, पण अंगणात, चार माणसांदेखत. मिस्त्री उकिडवे बसले, नखाने एक फोड फोडला, आतला चुरा बोटावर घेतला आणि जिभेला लावला. मला तेव्हा शिसारी आली. मग त्यांनी वर पाहिले. मी दारातच उभा होतो. ते उठले, धोतराला हात पुसले आणि काही न बोलता गेले. दीडशे रुपये दिले गेले नाहीत. त्यानंतर आमच्या ओळखीच्यांतली आणखी दोन कामे त्यांची गेली, हेही मला ठाऊक होते.

दादांना मी पुढल्या सव्वीस वर्षांत हे सांगितले नाही. वेळ कधीच आली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. दर दिवाळीला, गाडी धुताना, वेळ येत असे.

डेंटरने पट्ट्या ताणून बसविल्या आणि कटर लावला. पेटीचा बाहेरचा पत्रा सुटून आला, तसा आतून तांबड्या पापुद्र्यांचा ढीग जमिनीवर पडला. त्यात बारीक, करडी, चमकणारी वाळू होती. एक शिंपलाही होता, करंगळीच्या नखाएवढा. दादांनी इतक्या वेळा वरून रंगविलेल्या पेटीत तो चाळीस वर्षे होता.

डेंटरने वाळू चिमटीत घेऊन पाहिली. आश्चर्य वाटल्यासारखे काही दिसले नाही.

‘‘आबा म्हणाले होते,’’ तो म्हणाला. ‘‘खाऱ्या पाण्याचा गंज आहे म्हणून.’’

‘‘मग दादांना का नाही सांगितलं त्यांनी?’’

‘‘ते मला नाही माहीत, सर. एवढंच म्हणाले होते की पोरगा दारात उभा होता.’’

मी घरात गेलो. कपाटात गाडीच्या खर्चासाठी ठेवलेले पाकीट होते, ते तसेच आणून त्याच्यापुढे धरले. कशाचे, हे सांगावे लागले नाही. त्याने हात पुसून पाकीट उघडले, आतल्या नोटा पाहिल्या आणि पाकीट परत माझ्या हातात दिले.

‘‘दीडशे सुटे असतील तर द्या.’’

हिच्या भाजीच्या पाकिटात शंभराची एक नोट आणि दहा-दहाच्या पाच मिळाल्या. घेऊन आलो, तोवर तो गाडीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उकिडवा बसला होता आणि उजवी पेटी वाजवीत होता. नोटा त्याने न मोजता खिशात ठेवल्या.

‘‘ही पण भद्द वाजतेय, सर. कापायची का?’’

‘‘कापा,’’ मी म्हणालो.