तुळशीबागेतले रेडियम रंग

पुण्याला जाते म्हटले की आमच्याकडे यादी तयार होते. सासूबाईंच्या समईच्या वाती, धाकट्याचा कंपास, शेजारच्या वहिनींना परकराच्या नाड्या. या खेपेला मात्र यादीत सर्वांत वर माझ्याच अक्षरात लिहिले होते, "डोळ्यांचे झगझगीत रंग, तीन." आमच्या 'ह्यां'नी यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "हे काय आता नवीन?"

नवीन कसले, गेल्या वर्षीचे दुखणे होते ते. साताऱ्यातल्या एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते आणि गॅदरिंगला मुलींची रंगभूषा माझ्याच गळ्यात पडते. गेल्या वर्षी मुलींना पापण्यांवर निऑन रंग हवे होते. मी बाजारातून बारा रंगांची एक स्वस्त पेटी आणली. तिच्यावर ना नाव ना गाव. रंगीत तालमीला सहावीतल्या एका मुलीचे डोळे तासाभरात लाल होऊन सुजले. डॉक्टरांच्या थेंबांनी तीन दिवसांत सूज उतरली, पण नाच तिने खाली बसून पाहिला. तिची आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते!

यंदा तीच मुलगी पुढच्या रांगेत आहे. मुलींचा हट्टही तोच. आणि रंगांसाठी शाळेने दिलेले पैसे, सहाशे रुपये.

एस.टी.चे अर्धे तिकीट काढून (2023 पासून आपल्याला ही सवलत आहे, तेव्हापासून माझ्या पुण्याच्या फेऱ्या वाढल्यात हे कबूल करते) स्वारगेटला उतरले. तिथून जमिनीखालच्या मेट्रोने एकच स्टेशन, की मंडई. जिना चढून वर आले तो समोर 1886 सालची अष्टकोनी महात्मा फुले मंडई. भाजीचा वास घेत पलीकडे गेले, की तुळशीबाग.

तुळशीबाग म्हणजे पेशवाईत नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेले राममंदिर. पण आपल्या बायकांच्या तोंडी ते नाव येते ते खरेदीसाठीच. देवळाचा उंच कळस एकीकडे आणि त्याच्या सावलीत तांब्या-पितळेची भांडी, भातुकली, बांगड्या, केसांच्या पिना. मी लग्नाआधी आईबरोबर इथे आले होते ती पोळपाट-लाटणे घ्यायला. आधी रामाला हात जोडले आणि मग गर्दीत शिरले.

"ताई, रेडियम कलर पाहिजे का?" रस्त्यावरच्या एका मुलाने पेटी उघडून धरली. अठरा रंग, दीडशे रुपये! पोपटी, केशरी, राणी, लिंबू. क्षणभर माझा हिशोब सुरूही झाला, की साडेचारशे वाचतील. मग पेटी उलटी केली. तळ कोरा. बनवणाऱ्याचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, कधीपर्यंत वापरायचे तेही नाही. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक लागतो, तोही नाही. गेल्या वर्षी एवढे उलटून पाहिले असते तर! मुलगा म्हणाला, "शंभरला घ्या." मी पुढे निघाले.

आतल्या बाजूच्या दुकानात एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांनी सुट्या डब्या काढल्या. पिवळा आणि पोपटी पसंत पडले. निऑन गुलाबी तर नजर ठरू देईना. पण वेष्टनावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापले होते, डोळ्यांच्या आसपास वापरू नये. मग हा डोळ्यांच्या रंगांत कशाला ठेवतात, असे मी जरा फणकाऱ्यानेच विचारले. तर म्हणे, लोक वाचत नाहीत. अमेरिकेत डोळ्यांजवळ कुठले रंग चालतात याची यादीच वेगळी आहे आणि निऑनमधले बरेच रंग तिच्यात बसत नाहीत, एवढे मी वाचले होते. पण मुलींना तर गुलाबीच हवा होता.

बाई हसल्या. माझ्या हाताच्या पाठीवर त्यांनी पांढऱ्या आय-पेन्सिलीचा पट्टा ओढला, वर साधा राणी रंग बोटाने थोपटला आणि शेजारी नुसताच राणी लावला. "आता बाहेर उन्हात जाऊन बघा."

पाहिले, आणि खरेच चकित झाले. नुसता लावलेला रंग माझ्या सावळ्या कातडीत विटकरी होऊन बसला होता. पांढऱ्यावरचा मात्र ओरडत होता! निऑन रंग उन्हातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण घेतात आणि दिसणारा उजेड करून परत देतात, म्हणून उन्हात ते पेटल्यासारखे वाटतात. स्टेजच्या साध्या दिव्यांत ते किरण फारसे नसतातच. म्हणजे स्टेजवर निऑनचा निम्मा तोरा उतरणार आणि खरे काम करणार ती खालची पांढरी पेन्सिल.

तीन डब्या एकशेतीसप्रमाणे तीनशे नव्वद, पेन्सिल पंच्याण्णव, कानातल्या कापसाच्या काड्या चाळीस. एकूण पाचशे पंचवीस झाले. घासाघीस करून पाहिली, पण बाई बधल्या नाहीत. उरलेले पंचाहत्तर पावतीला टाचून शाळेत परत.

घरी आल्यावर पहिला प्रयोग स्वतःवर. रात्री तिन्ही रंगांचे ठिपके कोपराच्या आतल्या बाजूला लावले. दुसऱ्या दिवशी खाज नाही, लाली नाही. पापणीची कातडी हातापेक्षा पातळ, म्हणून मग पापणीवरही अर्धा तास लावून पाहिला. पांढरी पेन्सिल फिरवून बोटाने पसरायची, रंग घासायचा नाही, थोपटायचा. ओल्या काडीने थोपटला तर खाली भुकटी सांडत नाही. पापणीच्या अगदी कडेला, आतल्या बाजूला न्यायचाच नाही. काढताना खोबरेल तेलाचा कापूस डोळे मिटून हलकेच. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, पोपटी बरा दिसतोय हं तुला!" मी ओशाळून पुसायला लागले, तर "राहू दे की जरा" म्हणाल्या. छत्तिसाव्या वर्षी पोपटी पापण्यांनी मी पोळ्या केल्या.

वर्गात सांगून टाकले. हायलायटर, पोस्टर कलर, रंगोळी, चमकी यांतले काहीही डोळ्याला लागणार नाही (चमकीचा कण बुबुळाला ओरखडा काढतो). पेन्सिलही थेट कुणाच्या डोळ्याला नाही, काडीवर घेऊन लावायची. आणि प्रत्येकीला आपली काडी वेगळी, कारण एकीचे डोळे आले तर बाराजणींचे येतात. मग बाराही हातांवर ठिपके दिले आणि घरी चिठ्ठी पाठवली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ती मुलगी आईला घेऊन फाटकाशी उभी होती. बाही कोपरावर सारलेली.

"बाई, हात बघा," आई म्हणाली.

मी उजेडात धरून पाहिला. स्वच्छ होता.

"मग लावा," ती म्हणाली, आणि जाता जाता वळून विचारले, "ती पांढरी पेन्सिल कुठं मिळाली म्हणालात?"