ठरलेली कुस्ती

निकाल आधींच ठरलेला असतो, तर ती कुस्ती पाहावयाची कशाला, असें वडील मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेंतील या खेळाच्या चालकांनींच १९८९ सालीं न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें, ही निव्वळ करमणूक आहे, असें मान्य केलें. तरीहि २९ मार्च १९८७ रोजीं मिशिगन राज्यांतील पाँटियाक येथें झालेल्या तिसऱ्या ‘रेसलमेनिया’चें चित्रण आम्ही पुनःपुन्हा आवडीनें पाहतों.

चालकांनीं त्या दिवशीं ९३,१७३ प्रेक्षकांचा आंकडा जाहीर केला. त्याविषयीं पुढें वाद झाला. डावपेंचांच्या दृष्टीनें पाहतां रँडी सॅव्हेज व रिकी स्टीमबोट यांचीच कुस्ती सर्वांत सरस झाली, असें आमचें मत आहे. परंतु मनांत घर करून राहिला तो शेवटच्या कुस्तींतील आंद्रे. फ्रान्स देशाचा हा महाकाय मल्ल देह अतोनात वाढविणाऱ्या व्याधीनें पीडलेला होता; आदल्याच वर्षीं त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. असा प्रचंड देह त्याच्या संमतीवांचून कोण उचलणार? हल्क होगननें त्यास उचलून आपटलें, तेव्हां जयजयकार होगनचा झाला. दुखऱ्या पाठीवर तो आघात आंद्रेनें सोसला. १९९३ सालीं आंद्रे निवर्तला.

निकाल ठरलेला होता खरा, पण तें पडणें खोटें नव्हतें. दुसऱ्यास मोठेपणा मिळावा म्हणून आपण होऊन खालीं पडणारा विरळाच. मित्रहो, विजयी वीरासाठीं टाळ्या अवश्य वाजवाव्या. मात्र त्या वाजवितांना पडलेल्या मल्लाकडेहि एकदां पाहावें.