दुकानाच्या दारावरची पाटी



सांगलीकडच्या दोघी-तिघींनी विचारलं होतं, "तुमच्या टेक्सासमध्ये डाळ-तांदूळ घ्यायला येणारी माणसं खरंच कमरेला पिस्तूल लावून येतात का हो?" येतात. सगळी नव्हे, पण येतात. १ जानेवारी २०१६ पासून इथे परवाना असलेल्याला पिस्तूल कमरेला उघडं लावून फिरता येतं. १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. दुकानदाराला मात्र "माझ्या जागेत नको" म्हणता येतं. फक्त ते म्हणावं लागतं. गप्प बसलात तर परवानगी आहे असंच धरतात. हवाई राज्याने २०२३ मध्ये नेमकं उलटं केलं. त्या कायद्यात मालक हो म्हणेपर्यंत नाही, असं होतं. त्यावरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

आमच्या किराणा दुकानाला ही पाटी लावायची की नाही, यावर घरात वर्षभर बोलणं चाललं होतं. (कांदा-बटाटा विकता का, असंही विचारता तुम्ही. विकतो. त्यावर पुन्हा कधीतरी.)

पाटी म्हणजे "कृपया बंदूक आणू नये" असा कागद चिकटवून भागत नाही. परवानाधारकाने झाकून आणलेल्या पिस्तुलासाठी कलम ३०.०६, उघड लावलेल्यासाठी ३०.०७, आणि परवाना नसलेल्यांसाठी ३०.०५. पहिल्या दोन पाट्यांचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिलाय, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरं किमान एक इंच उंच. तिन्ही लावल्या की काचेचं अर्धं दार भरतं. एवढं करून पाटी न जुमानणाऱ्याला दंड किती, तर जास्तीत जास्त दोनशे डॉलर. तोंडी सांगूनही बाहेर गेला नाही तर मात्र गुन्हा मोठा होतो. म्हणजे शेवटी सांगायला आपल्यालाच पुढे व्हावं लागतं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, "लुटायला येणारा दारावरची पाटी वाचून परत जाणार आहे का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. इथली माणसं किलीन गावाची आठवण काढतात. १९९१ मध्ये तिथल्या ल्युबीज नावाच्या खानावळीत एकाने २३ जणांना मारलं. सुझॅना हप नावाच्या बाई तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. तेव्हाच्या कायद्यामुळे त्यांनी आपलं पिस्तूल गाडीत ठेवलं होतं. आई आणि वडील दोघेही गेले. त्यानंतर त्या गावोगाव साक्ष देत फिरल्या आणि १९९५ मध्ये टेक्सासात पिस्तूल झाकून बाळगायचा कायदा झाला. त्या बाईंना मी काय सांगू, अहिंसा परमो धर्म?

दुसरीकडे एल पासो आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या वॉलमार्टमध्ये शाळेची खरेदी चालली असताना २३ जणांचा जीव गेला. महिनाभराने वॉलमार्टने गिऱ्हाइकांना विनंती केली, पिस्तूल उघडं लावून आत येऊ नका. परवान्याने झाकून आणणाऱ्यांना त्यांनी अडवलं नाही. स्टारबक्सनेही २०१३ मध्ये विनंतीच केली होती, बंदी नव्हे. एवढ्या मोठ्या कंपन्या विनंतीवर थांबतात, मग आम्ही कोण!

आमच्या वन्सं हायवेवर मोटेल चालवतात. भाऊजी गेल्यापासून एकट्याच. त्यांच्या काउंटरच्या खणात रिव्हॉल्व्हर असतं. रोज सामायिक करणारी, पाणी गाळल्याशिवाय घोटभर न पिणारी बाई. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही रात्री आठला कुलूप लावून घरी जाता. मी रात्री दोनला अनोळखी माणसाला दार उघडते. आणि श्रावकाला विरोधी हिंसेचा त्याग सांगितलेला नाही, हे तुम्हीच पाठशाळेत शिकवता ना?"

बरोबरच आहे. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही. त्याने सोडायची ती संकल्पी. ज्याने श्रवणबेळगोळचा बाहुबली घडवून घेतला तो चामुंडराय गंगांचा सेनापती होता. त्यामुळे "जैनांच्या दुकानात शस्त्र कसं" असं कोणी म्हटलं की मला ते अर्धवट वाटतं.

मग मी अनर्थदंडाकडे वळले. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितलेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. पहिल्यांदा हिंसादानावर बोट ठेवलं. पण आम्ही कुणाला शस्त्र देत नाही, ते त्याचं त्याने आणलेलं असतं. ओढूनताणून लावण्यात अर्थ नव्हता. मी अडले ती शेवटच्या शब्दावर. प्रमाद.

आपल्या धर्मात सगळा भर कशावर आहे? बघून चालणं, बघून ठेवणं, बघून उचलणं. पीठ चाळताना, चूल पेटवताना आपण हेच करतो. आता आमचं दुकान डोळ्यांपुढे आणा. शनिवारची गर्दी, दोन रॅकच्या मधून एकच ढकलगाडी जाईल एवढी वाट, खालच्या फळीवरची पार्ले-जी ओढणारी पोरं, आणि त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर एखाद्याच्या कमरेचं पिस्तूल. तो माणूस वाईट नसतो. आमचे एक आजोबा, चहा मसाला न्यायला येणारे, "येस मॅम"शिवाय बोलत नाहीत. पण वाकताना ते निसटलं तर? स्वच्छतागृहात काढून ठेवलं आणि विसरलं तर? दरोडेखोर आमच्याकडे कधी येईल न येईल, विसरभोळेपणा रोज येतो. विरोधी हिंसेची सूट जो संकटात सापडलाय त्याला आहे. आमच्या छताखाली शंभर जणांच्या हातून होणाऱ्या प्रमादाला ती लागू होत नाही. तो भार दुकानाच्या मालकाचा, असं मला वाटतं. ह्यांना एवढं पटलं. चोरासाठी वेगळा कॅमेरा आणि तिजोरीत कमी रोकड, हे आम्ही धरूनच चाललो.

तीन पाट्या लावल्या. दिवाळीचं तोरण वर सरकलं. कर्मचाऱ्यांना दुकानात पिस्तूल नको असं सांगता येतं, त्यांच्या कुलूपबंद गाडीत असेल तर २०११ च्या कायद्याने आम्ही अडवू शकत नाही. तेही त्यांना नीट सांगितलं. आजोबांनी पाटी वाचली, गाडीकडे गेले, परत आले, मसाला घेतला. नेहमीची दोन कुटुंबं मात्र तेव्हापासून आलेली नाहीत. त्यांचा महिन्याचा किराणा मोठा असायचा.

वन्संना दाराचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान दिसतंय. माझ्या दाराला नाही लावणार." मी त्यांना आग्रह केला नाही. पर्युषणात त्या चार दिवस आमच्याकडे राहायला येणार आहेत, आणि तेवढे दिवस मोटेल कोण बघणार ते अजून ठरायचंय.