मोतीने काय गिळले?

आमच्या घरी मोती नावाचा एक कुत्रा आहे. त्याच्या कुळाविषयी सांगण्यासारखे काही नाही. सात वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात तो आमच्या पायरीशी आला, आणि पाऊस थांबला तरी गेला नाही. अंगाने मध्यम, रंगाने तांबूस, स्वभावाने गरीब. दोष म्हणावा तर एकच: जे तोंडात मावते ते पोटातही मावते, अशी त्याची ठाम समजूत आहे. खडूचे तुकडे, एक खोडरबर, अर्धा पायमोजा व तपासलेल्या उत्तरपत्रिकेचे एक पान इतका ऐवज त्याने उदरस्थ केल्याचे आम्हांस ठाऊक आहे. ती उत्तरपत्रिका ज्याची होती त्यास आम्ही त्या पानाचे गुण अंदाजाने दिले, हे येथे प्रथमच उघड करीत आहो.

कुत्रा असे का करितो, याचे कारण त्याच्या मूर्खपणात नसून मुखाच्या रचनेत आहे. त्यास दात ४२, म्हणजे मनुष्याहून १० अधिक; परंतु त्याचा जबडा वरखाली चालतो, जात्यासारखा आडवा फिरत नाही. मागील मोठ्या दाढा कात्रीच्या पात्यांप्रमाणे मांस कापण्यासाठी आहेत. शिवाय आपल्या लाळेत पिठूळ अन्न पचविणारा जो रस असतो तो कुत्र्याच्या लाळेत नाही म्हटले तरी चालेल. तेव्हा घास तोंडात घोळवून त्यास लाभ तो काय? त्याचे पूर्वज कळपाने शिकार खात, आणि तेथे ज्याने आधी गिळले त्याचेच पोट भरले. पुन्हा त्याची अन्ननलिका चांगली ताणली जाते, पण पुढचे लहान आतडे अरुंद असते. घशाखाली जे सुखाने उतरते ते तेथे जाऊन अडकते, आणि सारा अनर्थ त्यातूनच होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातील गोष्ट. शाळा उघडून आठवडा झाला असेल. मोतीने एके सकाळी भाकरीकडे पाठ फिरविली. दुपारपर्यंत त्यास तीन वेळा आंबट पाणी ओकून झाले, आणि सायंकाळी तो पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा राहिला. त्यास बसवेना, निजवेना. त्या दिवसांत आठवीतील पाच-सहा मुले आमच्याकडे बीजगणितासाठी येत. त्यांपैकी एकाजवळ लिंबाएवढा रबरी चेंडू असे व मोतीशी त्याचा खेळ चाले. आम्ही चेंडू कोठे आहे असे विचारिले.

"सर, काल येथेच होता. नंतर सापडला नाही."

एवढे उत्तर आम्हांस पुरे झाले. चौघांदेखत आम्ही त्या मुलास म्हणालो, "तुझ्या निष्काळजीपणापायी हा मुका जीव मरणार आहे." आणखीही पुष्कळ बोललो, वीस वर्षांच्या शिक्षकीने अशा वेळी शब्दांची वाण पडत नाही. मुलगा काही बोलला नाही. त्याने वह्या पिशवीत भरिल्या व तो गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

दरम्यान एका शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून आम्ही मोतीस मिठाचे पाणी पाजले होते. हे ऐकताच पशुवैद्यांच्या कपाळाला आठी पडली. परळच्या, १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून आलेले ते गृहस्थ आमच्याहून वयाने लहान. पण त्या दिवशी आम्ही त्यांच्यापुढे बाकावर उभे केलेल्या मुलासारखे होतो. ते म्हणाले की, हा उपचार जुना असला तरी घातक आहे. ते मीठ रक्तात जाऊन मेंदूवर परिणाम होतो व कुत्रा दगावू शकतो. तशीच गिळलेली वस्तू टोकदार असली तर ओकारीबरोबर परत येताना ती अन्ननलिका फाडील, आणि दाहक द्रव असला तर दुसऱ्यांदा भाजील. म्हणून वैद्यास विचारल्यावाचून ओकविणे नको. सुदैवाने मोतीने त्यातील बहुतेक पाणी आमच्या सदऱ्यावर सांडले होते.

क्ष-किरणांच्या चित्रात चेंडू दिसला नाही. वायूने फुगलेली आतडी मात्र दिसली. मग सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "काहीतरी कठीण आहे, पण चपटे आहे."

"चावून चपटा झाला असेल," आम्ही म्हणालो.

शस्त्रक्रिया तासभर चालली. नंतर डॉक्टरांनी एका तबकात ती वस्तू आणून दाखविली. काळी पडलेली, तंतू झडून गुळगुळीत झालेली, लहानशा रायवळ आंब्याची कोय! आमच्या घरी शेवटचा आंबा खाऊन तीन आठवडे होऊन गेले होते. अशी कोय जठरात कित्येक दिवस, आठवडेही पडून राहते, तोवर कुत्रा हिंडतो-फिरतो; ती पुढे सरकून आतड्यात अडकली म्हणजे मग हे असे होते, असे डॉक्टरांनी सांगितले.

आमच्या घरी आंबा कापून खातात. कोय चोखून खाणारा मनुष्य घरात एकच, आणि तो म्हणजे आम्ही. जेवणानंतर मागल्या पायरीवर बसावे, रायवळ आंबा पिळून खावा आणि कोय कुंपणाच्या आळ्यात भिरकावावी, हे आमचे उन्हाळ्याचे सुख. आमच्या पत्नींनी दोनदा सांगितले होते, "अहो, कोय टोपलीत टाका, मोती मागे हुंगत असतो." कुत्रे कोयी खात नसते, असे आम्ही त्यांस समजावून दिले होते.

मोती गुंगीतून जागा होईतो बसून राहणे भाग होते. तेवढ्यात डॉक्टरांनी आमच्या स्वयंपाकघराची चौकशी केली. कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडितो. चॉकलेटातील थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते व हृदयास बाधते. शिजलेले हाड फुटून त्याच्या सुया होतात. सुई-दोरा गिळला तर दोरा आतड्यास चुण्या घालून कापीत जातो. हे सारे आम्ही मान डोलावीत ऐकिले. परंतु मनुकांचे नाव निघाले तेव्हा आम्ही दचकलो. कारण आमच्या नाताळच्या केकात मनुका सढळ हाताने पडतात व त्याचा एक तुकडा दरवर्षी मोतीस मिळत असे. द्राक्षे आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे अमेरिकेतील पशुवैद्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले, पण कारण वीस वर्षे उमगले नाही. २०२१ साली त्यांतील टार्टारिक आम्लावर संशय घेण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तोच विकार आढळल्याचे छापून आले. चिंचेत ते आम्ल भरपूर असते. सर्वच कुत्र्यांस ते बाधते असे नाही. कोणास बाधेल हे मात्र आधी सांगता येत नाही. आमच्या शाळेच्या आवारातील चिंचेखाली मधल्या सुट्टीत जो बाजार भरतो, त्यातील मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे.

घरी आलो तो पत्नींनी पाण्याच्या पिंपामागून काढलेला चेंडू आमच्या हाती दिला. त्या काही बोलल्या नाहीत.

लिहिताना आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतो. या शब्दाची सोय मोठी आहे. अनेकवचनात चूक कोणा एकाची राहत नाही. दटावणी चौघांदेखत झाली होती, तेव्हा तिची भरपाईही चौघांदेखतच व्हावयास हवी, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात गेलो. "आमच्याकडून गैरसमज झाला" असे एक वाक्य वाटेत तयार केले होते. तो मुलगा तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसला होता. त्यास पाहिल्यावर ते वाक्य तोंडातून निघेना.

"मी चुकलो," एवढेच म्हटले गेले. "कोय मीच टाकली होती."

वर्गात कोणी हसले नाही, याचे आम्हांस अजून आश्चर्य वाटते. तास संपल्यावर तो दाराशी थांबला. (त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहो.) चेंडू त्याने खिशात घातला व विचारिले, "सर, मोतीला टाके किती पडले?"

"अकरा."

टाके निघेपर्यंत तो रोज येई, पण चेंडू खिशातून काढीत नसे.

आता आंब्याच्या दिवसांत आमच्या घरी मागल्या पायरीवर झाकणाचे पातेले असते व जेवणानंतर कोयींची मोजदाद होते. गेल्या मे महिन्यात तो मुलगा आला असता हे काम त्याजकडे दिले. मोती शेजारी जीभ काढून बसला होता. आंबे पंधरा, कोयी चौदा! त्याने पुन्हा मोजिल्या. मोतीचे तोंड उघडून पाहिले. मग हळूच आमच्याकडे पाहिले. पंधरावी अद्याप आमच्या हातात होती.